मेट्रनबाईंची खरी शिफारस

“मॅडम, तुमचं शिफारसपत्र विद्यापीठानं परत पाठवलंय,” चिमणी टेबलापाशी येऊन म्हणाली. वॉर्डातली ही सगळ्यात बुटकी नर्स, म्हणून सगळ्यांची चिमणी. तिनं पदव्युत्तर नर्सिंगला अर्ज केला होता. “म्हणतात, तुमच्या पत्रांत सगळ्याच नर्स उत्तम असतात. दोषही लिहिलेलं पत्र आज संध्याकाळपर्यंत द्या, नाहीतर अर्ज बाद.”

मेट्रनबाईंनी उगाचच चष्मा पुसला. नकोशा नर्सला नारळ द्यायची त्यांची रीत म्हणजे भरघोस शिफारस. ड्यूटीवर घोरणारीबद्दल त्यांनी लिहिलं होतं, ‘हिच्यामुळे वॉर्डात शांतता नांदते.’ भांडकुदळीबद्दल, ‘स्वतःचं मत ठामपणे मांडते.’ दोघी थेट विद्यापीठात जाऊन बसल्या आणि वॉर्डानं सुटकेचा निःश्वास टाकला. आता खरं कौतुक करायची वेळ आली, तर लांडगा आला रे आला अशी गत झाली.

“बस. तुझे दोष सांग.”

“मला काय माहीत? रोज तुम्हीच तर ओरडता.”

“उलट उत्तरं देतेस. हा एक झाला.” बाई लिहू लागल्या. “अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.”

“ते डॉक्टरांचं, मॅडम. माझं बरंय.”

“मधे बोलतेस. आणि परवा मला न विचारता त्या आजोबांचा पलंग खिडकीशी नेलास.”

“चार दिवस जेवत नव्हते हो ते.”

‘नियम मोडते,’ बाईंनी लिहिलं. मग थोडं थांबून, ‘पण आजोबा त्या दिवशी जेवले.’

पेन तिथंच अडलं. आणखी दोन दोष लिहिले, की चिमणी कुठेच जाणार नव्हती, आणि क्षणभर बाईंना तोच मोह झाला. तिची रात्रपाळी असली की बाईंना घरी बिनघोर झोप लागे. पोटच्या पोरीवर टाकला नसता एवढा भार त्यांनी हिच्यावर टाकला होता. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. खाली मान घालून त्यांनी शेवटची ओळ लिहिली, ‘आधीच्या दोघींना मी आनंदानं सोडलं होतं. हिला सोडायची माझी मुळीच इच्छा नाही.’

“वाचू?”

“काही नको. पाकीट बंद कर आणि पळ.”

महिन्याभरानं चिमणीला प्रवेश मिळाला. वॉर्डात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनी तर सगळ्यात जोरात. मग खोलीत येऊन त्यांनी ड्यूटीचा तक्ता पुढ्यात ओढला. रात्रपाळीतलं चिमणीचं नाव खोडलं आणि बराच विचार करून तिथं स्वतःचं लिहिलं.