एक सुलट, एक उलट

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सगळ्या शाळेला ठाऊक आहे. पण गेला महिनाभर मी स्वतःवरच चिडलेय, आणि हा राग काही केल्या उतरत नाही.

सातवीच्या गणिताला मी चौघाचौघांचे गट करते. एकाने वाचायचं, एकाने लिहायचं, एकाने सामान आणायचं, एकाने वर्गाला सांगायचं. दर आठवड्याला कामं बदलतात, म्हणजे तक्त्यावर बदलतात. खिडकीजवळच्या गटात सांगायचा तो प्रोफेसरच. पोरगं हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक. सामान आणायची ती पेन्सिल. सगळ्या गटाला टोकं करून द्यायची, म्हणून पोरांनीच ठेवलेलं नाव. ती तोंड उघडेपर्यंत बाकीचे तिघं पुढच्या गणितावर गेलेले असायचे.

हे होऊ नये म्हणूनच फळ्याच्या वर मी नियम लावला होता: जो रीत माझी म्हणेल, त्याने ती फळ्यावर समजावून सांगायची.

त्या शुक्रवारी मुख्याध्यापकांना यादी द्यायची होती. कच्ची आठ मुलं 'सोप्या गणिता'च्या तुकडीत जातात. तिथून परत आलेलं एकही मूल मी बावीस वर्षांत पाहिलेलं नाही. मार्कांवर गेलं तर पेन्सिलचं नाव पहिलं. माझा जीव तुटत होता. काहीतरी एक दाखव ग बाई, म्हणजे मला तुझ्यासाठी भांडता येईल, असं मनात चाललेलं.

आणि गुरुवारी तिने दाखवलं. समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ काढायचं होतं. गणित बुधवारीच फळ्यावर लिहून दिलेलं, पण सूत्र अजून मी सांगितलेलं नव्हतं. पेन्सिलने कागदाचा तसाच दुसरा चौकोन कापला, उलटा केला आणि पहिल्याला जोडला. वरची आणि खालची बाजू सारखी झाली. आता मिळून क्षेत्रफळ काढायचं नि निम्मं करायचं, बस्स! मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवून वर्ग थांबवला.

"इकडे बघा सगळे! आजची सगळ्यात भारी रीत हिची आहे."

"मॅडम, ती माझी रीत आहे," प्रोफेसर म्हणाला. "मीच तिला कापायला सांगितलं." बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या.

मी पेन्सिलकडे वळले. "खरं का ग?"

तिने कात्री खाली ठेवली. "हो मॅडम. त्याचीच."

भर वर्गात माझा पोपट झाला. मी तणतणत पुढच्या गणिताकडे वळले, आणि शुक्रवारी तिचं नाव यादीत लिहून टाकलं.

सोमवारी तिची आई संमतीच्या फॉर्मवर सही करायला आली. ती कपडे शिवते. बोटांना खडू लागलेलाच होता. सही करता करता म्हणाली, "बाई, एक बरं केलंत. घेराच्या कळ्या आता शाळेतही शिकवता."

"कसल्या कळ्या?"

"घागऱ्याच्या हो. वर अरुंद, खाली रुंद. एक सुलट कापायची, तिच्या शेजारी एक उलट, म्हणजे कापड वाया जात नाही. बुधवारी घरी आली ती नाचतच. म्हणे, उद्याचं गणित मला येतंय. जेवेपर्यंत कागद कापत होती."

मी प्रोफेसरला बोलावून खडू दिला. "उलटा का करायचा, सांग." "तसं केलं की उत्तर येतं, मॅडम." दोन मिनिटं लागली. गुरुवारीही तेवढीच लागली असती.

मुख्याध्यापकांकडे धावत गेले. भांडले, हात जोडले. ते म्हणाले, "बाई, याद्या वर गेल्या. आणि तुम्हीच तर नाव दिलंत."

आता ती जिन्याखालच्या खोलीत बसते. काल मी गेले, तेव्हा शेजारच्या मुलीच्या पेन्सिलीला टोक करत होती. मी बाकापाशी उकिडवी बसले.

"रीत तुझी होती. मग त्याची का म्हणालीस, बाळा?"

तिने टोक फुंकलं, बोटाला टोचून बघितलं.

"नियमाप्रमाणे तर त्याला विचारायचं होतं ना, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही मलाच विचारलंत."