लिफ्टमनची बायको

माझी आत्या सिनेमावरून पुस्तकं लिहायची. पुस्तकावरून सिनेमा निघतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण हा उलटा धंदाही एके काळी जोरात होता. सिनेमा थिएटरातून उतरला की गेला. पुन्हा बघायची सोय नाही. मग आवडलेला सिनेमा घरी न्यायचा कसा? बाहेरच्या स्टॉलवरून त्याचं पुस्तक घ्यायचं. ज्यांना घरून सिनेमाला जाऊ देत नसत, त्यांच्या तर उशीखाली ही पुस्तकं सापडायची.

आत्याला मात्र आधी सिनेमा बघायला मिळत नसे. कंपनीकडून पटकथा यायची, सोबत चार फोटो, आणि प्रकाशकाचा धोशा: सिनेमा लागेल त्या दिवशी पुस्तक स्टॉलवर पाहिजे! पटकथा पातळ, पुस्तक हवं जाड.

"सिनेमात हिरो दार उघडतो आणि आत येतो," आत्या सांगायची. "माझ्या हिरोला दार उघडायला दीड पान लागतं. बिचारा करणार काय, मलाच पानं भरायची असतात."

अशीच पानं भरताना तिने एका लिफ्टमनला धरलं. खुनाचा सिनेमा होता. त्यात हा गडी रडणाऱ्या हिरोइनला "कितवा मजला?" एवढंच विचारतो. आत्याने त्याला उंचीची भीती दिली, दुखरी दाढ दिली आणि एक रुसकी बायकोही दिली. नवरा दिवसभर वर जातो, पगार काही वर जात नाही, म्हणून ती माहेरी निघून गेली. सात पानं झाली. प्रकाशक खूश.

पुस्तक बाजारात आलं आणि एका दुपारी एक उंच, किडकिडीत गृहस्थ प्रकाशकाच्या ऑफिसात आत्याच्या टेबलासमोर उभे राहिले.

"मी लिफ्टमन," ते म्हणाले.

"बरं झालं आलात," आत्याने टाइपरायटरवरून मानही वर केली नाही. "कालपासून बंद आहे."

"तसा नाही हो. सिनेमातला."

छोट्यामोठ्या भूमिका करणारे नट होते ते. आज वेटर, उद्या पोस्टमन, परवा गर्दीतला तिसरा. सेटवर कोणी त्यांना खुर्चीसुद्धा देत नसे, आणि इथे चक्क सात पानं!

"माझ्या आईला दिसत नाही," ते म्हणाले. "तिला हे वाचून दाखवलं. आता रोज विचारते, सून परत आली का?"

"मला काय माहीत? तिथे प्रकरण संपलं."

"तुम्हाला नाही माहीत, तर कोणाला असणार?"

पुढचा सिनेमा बोटीवरच्या तस्करांचा होता. आता बोटीवर लिफ्ट कुठून आणायची? आत्याने तस्करांना गुपचूप भेटायला हॉटेलात पाठवलं. हॉटेलाला लिफ्ट, लिफ्टला लिफ्टमन, आणि प्रकरण चारमध्ये ट्रंक घेऊन बायको परत! त्यानंतरच्या प्रेमकथेत त्यांचं पहिलं जोरदार भांडण झालं. कंपनीतलं कोणी पुस्तक वाचत नसे, मुखपृष्ठावर हिरो नीट दिसतोय ना एवढंच बघत. स्टॉलवर मात्र लोक विचारायला लागले, "यात लिफ्टमन आहे ना?"

मग घराघरात व्हिडिओ आला. हवा तेव्हा सिनेमा लावा, हवा तिथे थांबवा. एक महाभाग मांडीवर पुस्तक घेऊन सिनेमा बघत बसला आणि संतापून कॅसेटच्या दुकानात गेला. "ही कॅसेट कापलेली आहे. लिफ्टमनचं भांडण कुठाय?" दुकानदाराने कंपनीला झापलं. कंपनीने जन्मात पहिल्यांदा पुस्तक वाचलं.

प्रकाशकाने आत्याला बोलावलं. "तस्करांच्या गोष्टीत लिफ्टमनचा संसार?" म्हणत ते आधी पोट धरून हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "कंपनीने पटकथा बंद केल्यात. तुमचा दोष नाही म्हणा. गठ्ठेच्या गठ्ठे परत येतायत. घरबसल्या दिसतंय, तर वाचतंय कोण?"

"मग जाता जाता एक छापा," आत्या म्हणाली. "सिनेमाशिवाय. नुसता लिफ्टमन."

त्यांनी छापलं. मुखपृष्ठावर त्या नटाचा फोटो, आयुष्यात पहिल्यांदाच. पुस्तक सपशेल आपटलं. लोक उचलायचे, "कुठल्या सिनेमाचं?" विचारायचे आणि "कुठल्याच नाही" ऐकून खाली ठेवायचे. आत्याचं तोंड आठवडाभर उतरलेलं होतं. मग तिने मिक्सर-इस्त्रीची माहितीपत्रकं लिहायची नोकरी धरली. तिथे एक शब्द जास्त खपत नसे.

नट तेव्हा प्रेताची भूमिका करायला परगावी गेले होते. म्हणून सुट्टीच्या दिवशी आत्या स्वतःच त्यांच्या आईला पुस्तक वाचून दाखवायला गेली. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती.

"छान आहे," शेवटी ती म्हणाली. "पण सून फार गोड केलीस गं. असं कुठे असतं?"

"मग काय करू?"

"पुढच्या सुट्टीला ये. एक भांडण घाल."

पुढच्या सुट्टीला आत्या रिकाम्या हातानेच गेली आणि उतू गेलेल्या दुधावरून तोंडीच भांडण रचायला लागली. म्हातारी सुनेची बाजू घेत होती. इतक्यात नट परतले. कानामागे अजून प्रेताचा पांढरा रंग होता. कोणी त्यांच्याकडे बघेना, म्हणून ते चपला काढून उंबऱ्यातच बसले आणि ऐकायला लागले.

"छे," मधेच ते म्हणाले. "मी बायकोला असं बोलणारच नाही."

"मग कसं बोलाल?" आत्याने विचारलं.

ते लालबुंद झाले. उत्तर द्यायला त्यांना दोन वर्षं लागली, आणि मग ते आमचे आतोबा झाले. दुधाचं ते भांडण मात्र त्या दुपारी सासूने सुनेलाच जिंकून दिलं.