बटनचा वाटा

“आई, हे बघ की. केसच हाय.” पृथ्वीराजने मोबाईल आईच्या तोंडासमोर धरला.

मीनाबाई ओट्याशेजारी स्टुलावर बसून केकच्या डब्यात घालायच्या कागदाच्या गोल चकत्या कापत होत्या. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. फोटोत चॉकलेट केकचा तुकडा होता आणि त्यातून एक पांढरा केस बाहेर आला होता. वीतभर लांब, टोकाला जरा वळलेला.

“वाढदिवसात सगळ्या पावण्यांम्होरं निघाला म्हणं. केक नेलेल्या बाईनं ग्रुपवर टाकलाय. खाली लिवलंय, ह्यांच्या घरात कुत्रं हाय, आणि काय हुणार?”

अक्षता त्यांच्याकडे पाठ करून भांडी विसळत होती. “बंद करा तो फोन,” ती नवऱ्याला म्हणाली. “सारखं सारखं त्यात काय बघायचंय?”

पृथ्वीराजने दाराकडे वळून हात उगारला. “तुझ्यापायी झालं रं हे सगळं, बटन्या!”

दारातल्या पायपुसण्यावर पडलेल्या बटनने आपलं नाव ऐकून शेपूट दोनदा जमिनीवर आपटली.

मीनाबाईंचे यजमान भाऊसो यांनी हुपरीहून येताना ते पिल्लू पिशवीत घालून आणलं होतं. आल्या दिवशीच त्याने मीनाबाईंच्या शिवणाच्या डब्यातली बटणं गिळली आणि त्याचं नाव बटन पडलं. आता भाऊसो राहिले नव्हते आणि बटन म्हातारा झाला होता. तांबूस अंग, तोंडावर आणि छातीवर पांढरं. पण त्याचा केस असून असून बोटाच्या पेराएवढा. फोटोतला केस कुणाचा, हे मीनाबाईंनी बघितल्याबरोबर ओळखलं होतं. रोज सकाळी फणीतून काढून, बोटाला गुंडाळून त्या असलेच केस टाकून देत होत्या.

त्यांनी कात्री मांडीवर ठेवली. बोलायचं होतं, पण त्यांनी ती परत उचलली आणि पुढची चकती कापायला घेतली.

याला कारण होतं. एके काळी पेठेतल्या बाळांची झबली आणि कुंच्या त्यांच्याच मशीनवर शिवल्या जायच्या. मग डोळे अधू झाले. मशीन मागच्या खोलीत गेलं आणि त्याच्या जागी ओव्हन आला. फौंड्रीतली पृथ्वीराजची नोकरी सुटल्यापासून घर त्या ओव्हनवरच चाललं होतं. मैदा चाळायचा आणि चकत्या कापायच्या, एवढं काम अक्षताने सासूला दिलं होतं. “आत्ती, तुमच्यासारखा गोल कापायला मला जमत न्हाय,” असं म्हणून. तयार चकत्या बाजारात मिळतात, हे मीनाबाईंना ठाऊक होतं. अक्षतालाही ठाऊक होतं. पण त्यामुळे सकाळी उठून जायला एक जागा होती. केस माझा आहे म्हटलं, की त्या स्टुलावरून उठावं लागणार होतं.

“आकाराममामा रविवारी पिकअप घिऊन येणार हाय,” पृथ्वीराज म्हणाला. “बटन्याला शाहूवाडीला, त्याच्याकडं नेऊ दे. रान हाय, मोकळं फिरंल.”

“म्हातारं झालंय रं ते. ह्या वयात कुठं नवं घर?”

“मग काय करू, सांग की! गिऱ्हाईकाला सांगू, केस कुत्र्याचा न्हाय म्हणून? मग कुणाचा म्हणून सांगू?”

अक्षताच्या हातातलं पातेलं नळाखाली भरलं आणि वाहत राहिलं.

शनिवारी दुपारी मीनाबाईंनी मागच्या खोलीत भाऊसोंचा जुना निळा सदरा काढला. बटनसोबत द्यायला त्या हाताने एक लहान गोधडी शिवत होत्या. सुयांत दोरा ओवायला अक्षता शेजारी येऊन बसली. बटन मशीनच्या पायट्यावर हनुवटी टेकून झोपला होता. भाऊसो असल्यापासून त्याची हीच जागा. शिवायला बसायचं, तर आधी त्याला उठवावं लागायचं.

“अक्षता,” मीनाबाई हळू आवाजात म्हणाल्या, “त्यो केस...”

“आत्ती, गोधडीला पांढरा दोरा घालू का निळा?”

मीनाबाईंनी सुनेकडे बघितलं. अक्षताची नजर सुईच्या नाकातून हलली नव्हती. दोरा तर केव्हाच ओवून झाला होता.

“निळाच घाल,” मीनाबाई म्हणाल्या. त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज वाटली. सून खाली वाकून बटनचे कान चोळत बसली. ते त्यांना बघवेना.

रविवारी मीनाबाईंचा धाकटा भाऊ आकाराम आला तो गल्लीच्या तोंडापासून हॉर्न वाजवतच. चहा बशीत ओतून त्याने बटनकडे निरखून बघितलं.

“आक्का, ह्ये खातंय तरी काय?”

“भाकरी खातंय. आणि केक झाला की माझ्या स्टुलाखाली बसून वरचा तुकडा.”

“केक?” आकाराम मोठ्यांदा हसला. “आमच्यात माझाच वाढदिस कुणी करत न्हाय, ह्येला कुठनं घालू केक?”

“साधा घालायचा, चॉकलेटचा न्हाय,” अक्षता मधेच म्हणाली. “चॉकलेट त्याला बाधतंय.” आणि फोटोतला केक चॉकलेटचाच होता, हे ध्यानात येऊन ती आत निघून गेली.

पिकअपच्या हौद्यात गोधडी अंथरली. पृथ्वीराजने बटनला उचलून वर ठेवलं. बटनने अंग चोरलं नाही, की तो भुंकला नाही. मीनाबाई वर चढायची वाट बघत तो गोधडीच्या एका कडेला सरकून बसला. त्यांना जागा ठेवून.

“आई, तू आत जा,” पृथ्वीराज म्हणाला. गाडी हलली तशी, सगळ्यांत जास्त ओरडणारा तोच, रिकाम्या हातांनी कोपऱ्यापर्यंत तिच्यामागून चालत गेला.

दोन दिवसांनी आकारामचा फोन आला. “हाय ब्येस. पर भाकरीला तोंड लावंना, आक्का. रस्त्याकडं तोंड करून बसतंय नुसतं.”

“लावंल,” मीनाबाई म्हणाल्या. “सवय हुईल.” फोन ठेवल्यावर त्या मागच्या खोलीत मशीनपाशी जाऊन बसल्या. मग गोधडीतून उरलेला निळा तुकडा त्यांनी उलगडला. पायट्यावर पाय ठेवण्याआधी त्या खाली वाकल्या, आणि तशाच सरळ झाल्या. उठवायला तिथे कुणी नव्हतं. मशीन बऱ्याच दिवसांनी चाललं. शिलाई दोनदा वाकडी गेली. एकदा उसवली, दुसऱ्यांदा तशीच ठेवली.

त्या आठवड्यात दोनच ऑर्डरी होत्या. सकाळी मीनाबाई स्वयंपाकघरात आल्या त्या डोक्यावर टोपी घालून. निळी, कडेला इलॅस्टिक, कपाळापासून मानेपर्यंत सगळे केस आत.

अक्षता अंडी फोडत होती. तिने वर बघितलं. हात धुतले, सासूच्या मागे येऊन उभी राहिली आणि मानेवर सुटलेली एक बारीक पांढरी बट ओल्या बोटांनी उचलून टोपीच्या आत खोचली. तिचा हात तिथेच जरा थांबला.

“बसा, आत्ती,” ती म्हणाली. “मैदा चाळायचा हाय.”

मीनाबाई स्टुलावर बसल्या. मैदा चाळला, चकत्या कापल्या. दुपारी केक निवल्यावर अक्षताने लांब सुरी घेतली आणि वर फुगून आलेला गोल माथा सपाट कापून काढला. साधा, व्हॅनिलाचा होता. नेहमीच्या सवयीने तिने त्यातला एक तुकडा मोडून सासूच्या हातात दिला.

आणि मीनाबाईंचा हात सवयीने स्टुलाखाली गेला.

तो तिथेच राहिला, तळवा वर करून. अक्षता दुसरा केक कापायला लागली.