चालू उजेडावरची जोड

पहिला दगड जीपच्या काचेवर बसला आणि दुसरा आमच्या ड्रायव्हरच्या, परेशच्या कपाळावर. रक्त स्टिअरिंगवर टपटपलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी धाडकन दार उघडून उतरले. "कोण रे तो? लपून दगड काय मारतोस? समोर ये की!"

समोर भगवान आला. हातात कोयता, मागे दोन भाऊ कुदळी घेऊन. आपटा गावाच्या अलीकडे, आमच्या मशीनच्या केबिनला लागून त्याचं शेत. आमच्या ठेकेदाराने त्याला न विचारता शेतातून केबलचा चर खणला, वालाचा मळा तुडवला, आणि आडवी आली म्हणून त्याच्या आईला, सोनाबाईला ढकलून दिलं. म्हातारीचा हात मोडला. त्या सकाळी भगवानने चर उकरून केबल तोडली होती. त्याच्या जागी मी असते तर ठेकेदारच तोडला असता, हे मी आजही म्हणते. पण केबल माझी होती.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. मी शशिकला, पनवेलच्या टेलिफोन ऑफिसात इंजिनिअर. मुंबईहून पुण्याकडे केसाएवढ्या काचेच्या तारेतून उजेड जायचा आणि त्या उजेडावर स्वार होऊन लोकांचे फोन. लांब गेला की उजेड दमतो. वाटेत त्याला जोर देणारं मशीन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, ते आपट्याच्या केबिनमध्ये नवंकोरं बसवलं होतं. किती जोर द्यायचा हे ठरवणं माझं काम. कमी दिला तर पुण्याला काही पोचत नाही, जास्त दिला तर बोलण्याबरोबर खरखरही मोठी होते. त्या मशीनपायी मी अख्खा उन्हाळा जाळला होता. घरचे म्हणायचे, हिचं लग्न त्याच्याशीच लावून द्या.

भगवान केबिनकडे निघाला तशी मी दारात आडवी झाले.

"बाई, बाजूला व्हा. मशीनच फोडतो. आयचा हात मोडला तवा कोन आला नाय."

"माझ्या मुडद्यावरून जा!"

त्याने कोयता हाणला तो चौकटीत. लाकडाची ढलपी माझ्या गालाला चाटून गेली. मी हलले नाही. धाडस वगैरे काही नाही, पाय मागे पळायला बघत होते. पण राग पायांचं ऐकत नाही माझा.

तेवढ्यात जगन मध्ये आला. जगन आमचा तारा जोडणारा, बेलपाड्याचा, भगवानच्या लांबच्या नात्यातला. "भगवानभाव, मारायचा त मला मार. तार जोडू दे. मंग आयला मी सोता डाक्टरकडं नेतो."

भगवानने त्याच्या अशी कानफटात लगावली की जगन भुईवर बसला. उठला, अंग झटकलं आणि पुन्हा तिथेच उभा राहिला. असा माणूस! भगवान दमला की शरमला, देव जाणे. कोयता मांडीवर घेऊन पायरीवरच बसला. जगन शेताच्या दुसऱ्या टोकाला, जनरेटरपलीकडच्या, तुटक्या केबलच्या खड्ड्यात उतरला.

आता जगनची एक सवय सांगते. पूर्वी काचेची तार जोडताना पलीकडून कोणीतरी बॅटरी मारायचं. अलीकडचं टोक कापायचं, भिंग लावून आत डोळा घालायचा. उजेड दिसला की तार शाबूत. उस्तादाने शिकवलेलं ते, जगनच्या अंगात मुरलेलं. पण या मशीनचा उजेड डोळ्याला दिसत नाही, नुसता डोळा जाळतो. मी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. तो हसायचा. "जो दिसत नाय तो भाजंल कसा, बाई?" म्हणून मीच नियम केला होता, आधी मशीन बंद, मग जगन खड्ड्यात.

परेशसाठी पट्टी आणायला मी आत गेले. आमचे साहेब, विनायक, आमच्याआधीच येऊन फोनला चिकटले होते. मशीन बंद केल्याचं त्यांनी मला जगन खड्ड्यात उतरण्याआधीच सांगितलं होतं. मी सहज मीटरकडे पाहिलं. काटा वर होता.

"साहेब, हे चालू आहे!"

"असू दे. जोड लागली की लाइन लगेच उठली पाहिजे. मुंबईहून फोनवर फोन येतायत. आजवर चालूवरच जोडत आलो ना आपण?"

"ती जुनी मशीनं होती, कमी जोराची! आणि तार तुटल्यावर हे आपोआप बंद का नाही झालं?"

"ती सोय काढून टाकलीय मी. वीज जरा हलली की मशीन बंद पडायचं."

मी बटणाकडे झेपावले. त्याने माझं मनगट धरून पिरगळलं. खिडकीतून जगन दिसत होता. टोक कापून झालं होतं. डावा हात भिंगाकडे गेला.

"जगन, डोळा काढ! बघू नकोस!" जनरेटरच्या धडधडीत माझा आवाज कुठच्या कुठे गेला. विनायकने मला भिंतीवर दाबलं. मी त्याच्या हाताचा कडकडून चावा घेतला. त्याने तोंडात ठोसा मारला, ओठ फाटला, रक्ताची चव आली. खड्ड्यापर्यंत पळायला वेळच नव्हता. आवाज ऐकून भगवान दारात आला होता.

"भगवान, फोड हे! फोड!"

त्याने एकदा माझ्या रक्ताळलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग कोयता पडला तो थेट मशीनच्या वायरीवर. ठिणगी उडाली, काटा खाली आदळला. थांबेल तो भगवान कसला? दुसरा घाव, तिसरा, पत्रा फाटला, काचा उडाल्या. माझा सगळा उन्हाळा फरशीवर पडला. विनायक त्याच्या अंगावर धावला तेव्हा मी स्टूल उचललं आणि घातलं विनायकच्या खांद्यात. हाड मोडल्याचा आवाज आला. वाईट वाटलं का? मुळीच नाही. हात अजून शिवशिवत होते.

धावत खड्ड्याशी गेले. जगन उजवा डोळा चोळत बसला होता.

"उजेड नाय दिसला, बाई. तार मेलीय."

फौजदार आला. विनायक हात गळ्यात अडकवून ओरडत होता, या गुंडाने मशीन फोडलं, बाईंनाही मारलं! चोराच्या उलट्या बोंबा. मी सांगितलं, "मशीन मी फोडायला लावलं. याचा खांदा मी मोडला. आणि माझा ओठ याने फोडला." फौजदाराने ऐकून घेतलं आणि तरीही बेड्या भगवानलाच घातल्या, दगडांसाठी आणि केबलसाठी. सोनाबाईच्या हाताबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

जगनला घेऊन मी पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. त्याची बायको मैना रिक्षाने धापा टाकत आली. डॉक्टरांनी त्याचा डावा डोळा झाकला आणि म्हणाले, "बाईंकडे सरळ बघा. काय दिसतं?"

जगनने डोळा बारीक करून पाहिलं. "कान दिसतान. खांद्यावरची पर्स दिसते."

"आणि चेहरा?"

"तोंड नाय दिसत. तिथं काय नाय."

मैनाला वाटलं गंमत करतोय. ती हसली. डॉक्टर हसले नाहीत. ते मला हळूच म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग जळलाय. कडेचं तेवढं दिसेल, मधलं काही परत यायचं नाही. मशीन फुटलं, खांदा मोडला, एवढं सगळं करून मी उशिराच पोचले होते.

मैना त्याच्या पुढ्यात येऊन बसली. गुडघ्याला गुडघा लावून. "बघा बरं माज्याकडं. मी तरी दिसतंय ना?"

डावा डोळा झाकलेला तसाच ठेवून जगनने तिच्याकडे सरळ पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा पाहिलं. मग त्याने हळूहळू मान फिरवली, तिच्यावरून नजर काढून बाजूच्या भिंतीकडे नेली.

"हां," तो म्हणाला, "आता दिसतंस."