रिकामा धवळा

किन्हवलीच्या आसपास सकुबाईच्या धवळ्याशिवाय हळद लागत नसे. लग्नातली गाणी, म्हणजे धवळे, म्हणणारी धवळारीण ती. नवरा-नवरीची नावं तिच्या गळ्यातून निघाली की लगीन लागलंच म्हणायचं, भटजी मागाहून काय हवं ते म्हणो. तिच्या घरात लहानी राहायची, डोंगराकडच्या पाड्यावरची, नवऱ्याला सोडून आलेली. कोणी विचारलं तर, ‘सोबतीला आहे.’ सोबत करता करता दोघींचे केस पिकले, अंथरूण एकच राहिलं. गावाला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंडाने म्हणणं वेगळं.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात वाशिंदची नम्रता कॅमेरा घेऊन आली. कधी कोणी न ऐकलेल्या बायकांच्या वाजवण्या-गाण्याची फिल्म करायची होती तिला. लहानी काशाच्या थाळीला मेण लावून त्यात काडी रोवायची आणि चिमटीने ओढत राहायची. भुंग्यासारखा घुम निघे. पाड्यावर ते पुरुषांचं काम. लहानी बापाचं बघून शिकलेली, दार लावून वाजवायची.

“या घुमावर धवळा म्हणा ना, मावशी,” नम्रता म्हणाली.

“कोणाच्या नावाने?”

“नुसताच.”

“रिकामा धवळा म्हणत नाय, बाय.”

“मग देवांची नावं घाला.”

“त्यांची लग्नं कवाच झाली.”

लहानी गालात हसली. “माझं घाल की गो. तुझ्या शेजारी.”

सकुबाईला आठवलं, फिल्म शाळेच्या पटांगणात दाखवणार होते. गावाने ती नावं ऐकली तर हळदीला कोण बोलावील? शेजारच्या तानीच्या मुलीचं लगीन तर तोंडावर आलेलं.

“गावभराची लग्नं लावते ही,” लहानी कॅमेऱ्याला म्हणाली, “घरचंच तेवढं राहिलंय.”

मग तिने काडी ओढली. दार सताड उघडं होतं; घुम अंगणात गेला, कुडापाशी पोचला. सकुबाईने दाराकडे बघितलं, लहानीकडे बघितलं आणि धवळा धरला. नवरीच्या जागी लहानी घातली. नवऱ्याच्या जागी आवाज जरा अडला. मग तिथे सकू आली, हळदीच्या मांडवात यावी तशी, मोकळ्या गळ्याने.

“मधेच कोंबडा आरवला, मावशी. परत घेऊया?”

“नाय. लगीन काय दोनदा लावतात?”

कुडापाशी तानी उभी होती, कमरेवर हात ठेवून.

“शेजारी लगीन लागलं न् मला बोलावणं नाय,” तानी म्हणाली. “बरं. आमच्या हळदीला हिलाबी घेऊन ये. थाळीसकट.”