मुदव्वरापर्यंत सायकलवरच

बत्न अल-घूलच्या घाटमाथ्यावर उजाडताना सतरा सायकली उभ्या होत्या. अठरावी माझ्या ताईची. इथून जुन्या रेल्वेच्या भरावावरून खाली उतरायचं आणि वाळवंटातून मुदव्वरा स्टेशन गाठायचं, बावन्न किलोमीटर. गाडी पणजोबांच्या काळातच बंद पडली. रूळ लोकांनी उपटून नेले, कुणी छपराला, कुणी गोठ्याला. खडी तेवढी राहिली.

शर्यत भरवणारा मित्अब आमचा मामेभाऊ. ताईला बघून हसला. "जौझा, तू पिकअपमध्ये बस. पाणी वाटायला कुणीतरी लागतंच ना!"

"तूच बस," ताई म्हणाली. "तुझं पोट बघता सायकलही दुवा देईल."

सगळे खिदळले. मित्अबने रागाने यादी मिटली. तिचं नाव घातलंच नाही.

ताई एक्केचाळीस वर्षांची, मुदव्वराच्या दवाखान्यात नर्स. लांबच्या तंबूंमध्ये लसी पोचवायला ती तीन वर्षं याच भरावावरून सायकल दामटत होती. त्यामुळे घाटात तिने सहाजणांना मागे टाकलं. पूल ढासळलेले तिथे सायकल खांद्यावर घेऊन कोरडे ओढे ओलांडले. मी पिकअप घेऊन शेजारून चालले होते.

नऊ किलोमीटर उरले आणि खडीतला गंजका खिळा मागच्या चाकात घुसला. ट्यूबची चिंधी झाली. जादा ट्यूब घाटातच संपली होती. मागचे एकेक करत पुढे निघून गेले.

"ताई, चढ गाडीत. कुणी काही म्हणणार नाही."

"मी म्हणेन ना! तुझ्या सीटचं कव्हर काढ."

"अगं, नवं आहे!"

"मग टिकेल."

कव्हर आणि स्वतःचं जाकीट फाडून तिने टायरमध्ये ठासलं, वरून दोरी आवळली. चाक लंगड्या उंटासारखं धडधडत निघालं. दोनदा चिंध्या बाहेर आल्या, दोनदा तिने पुन्हा कोंबल्या. एकदा ती रडताना दिसली, पण पाय थांबले नाहीत.

स्टेशनात पदकं वाटून झाली होती. पुरुष मन्सफच्या, म्हणजे मटण-भाताच्या, पराती संपवत होते.

"शर्यत कधीच संपली," मित्अब म्हणाला.

"यादी काढ."

"तू यादीत नव्हतीस."

"मग आता घाल. अठरावी. शेवटची म्हणून लिही, पण लिही."

मित्अबने इतरांकडे पाहिलं. घाटात मागे पडलेला एक दाढीवाला भात चावत म्हणाला, "लिही की. मला मागे टाकलंय तिने."

मित्अबने लिहिलं: 'मित्अबची आतेबहीण'.

ताईने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं, ते खोडलं आणि काळ्या झालेल्या बोटांनी मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव घातलं. सगळ्या पुरुषांसमोर मोठ्याने वाचूनही दाखवलं. मग हात धुतले आणि त्यांच्याच परातीला येऊन बसली. दाढीवाल्याने सरकून जागा दिली.