बादलीने अडवलेला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे आणि माझ्या छातीत काच आहे. ती कशी आली ते सांगतो, मित्रांनो. ऐकून कुणाला राग आला तर येऊ दे.

सुताराने मला जाड सागवानात घडवलं. चर्चच्या मागच्या खोलीत गाण्याचा सराव चाले आणि त्याचा आवाज प्रार्थनेत जाई, म्हणून मला मुद्दाम जड केलं, कडेने जाड कापड ठोकलं. "आत ढोल वाजवा, बाहेर कळणार नाही!" असं चर्चचा कारभार पाहणारे पंच पाहुण्यांना कौतुकाने सांगत. मी फुशारून जायचो. मूर्ख होतो मी.

खोलीत गाण्याचे मास्तर शिकवत. गळा गोड, बोलणं त्याहून गोड. चर्चच्या मंडळीत त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. एका वर्षी त्यांनी बेकरीवाल्याची नऊ वर्षांची मुलगी निवडली. ती बोलताना अडखळायची, पण गाताना एक अक्षर अडत नसे. तिची एकटीची शिकवणी सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यापासून ती आत शिरण्याआधी माझी चौकट घट्ट धरू लागली. मास्तर तिचं एकेक बोट सोडवत आणि हसून म्हणत, "लाजते जरा." मग कडी लागे. आत ती "नको" म्हणायची. ते मी बाहेर जाऊ दिलं नाही. माझं कामच ते होतं.

ती बोटं फरशी पुसणाऱ्या मावशींनी पाहिली. पुढच्या शिकवणीला त्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेली बादली आणून माझ्या उंबऱ्यावर ठेवली आणि शेजारी स्टूल टाकून बसल्या.

"मावशी, बादली हलवा. दार लागत नाहीये."

"फरशी ओली आहे, मास्तर. दार उघडं असलं की लवकर वाळते."

त्यानंतर दर शिकवणीला फरशी ओलीच. मास्तरांनी तक्रार केली आणि पंचांनी मावशींना याच खोलीत बोलावलं.

"मास्तर देवमाणूस आहेत," थोरले पंच म्हणाले. "उगाच राईचा पर्वत करू नका."

"देवमाणूस असतील तर उघड्या दाराने त्यांचं काय बिघडतं?"

"अहो बाई, मंडळीची अब्रू जाईल! तुम्हाला कामावरून काढावं लागेल."

"काढा की. बादली माझ्या घरची आहे. उपासनेला येताना घेऊन येईन आणि इथेच बसेन."

पंचांनी मधला मार्ग काढला. मला भोक पाडून काच बसवली, पण दुधी! मावशींनी तिला नाक लावून पाहिलं. "यातून दिसतं काय? तुमची अक्कल?" बादली जिथल्या तिथे राहिली.

एका दुपारी मुलगी मास्तरांच्या आधी आली आणि बादलीची कडी धरून उभी राहिली.

"मा... मावशी, उद्या पण ठे... ठेवाल?"

"रोज ठेवीन, बाळा."

मग ती बोलली. फार वेळ लागला, पण मावशींनी तिचा एकही शब्द स्वतः पुरा केला नाही. ऐकून झाल्यावर त्या तिला आईकडे घेऊन गेल्या आणि तिघी थेट पोलिसांकडे गेल्या. पंचांना नंतर कळलं.

मास्तरांना पकडलं. पुढे आणखी दोन बायका साक्ष द्यायला तयार झाल्या आणि पोलिसांना ही खोली दाखवायला आल्या. आता त्या मोठ्या झाल्या होत्या, तरी मी त्यांना ओळखलं. लहानपणी त्यांनीही हीच चौकट धरली होती. मला त्याची लाज वाटते, मित्रांनो, आणि ती मी लपवणार नाही.

माझं कापड उपटलं, आतली कडी काढली, दुधीच्या जागी स्वच्छ काच आली. सुंदर दरवाजाची वाट लावली, असं काही जण अजून पुटपुटतात. माझी कुणी वाट लावलेली नाही. मी आता कुठे कामाचा झालो आहे.

परवा कुणीतरी काचेवर कॅलेंडर टांगलं. बेकरीवाल्याच्या मुलीने ते काढून भिंतीवर लावलं. ती आता उंच झाली आहे आणि लहानांना गाणं शिकवते, मला सताड उघडा ठेवून. माझ्या काचेवर काही टांगू नका, मित्रांनो. आणि एखादं मूल चौकट सोडत नसेल तर त्याची बोटं सोडवू नका, त्याला विचारा.

प्रार्थनेत आवाज येतो, अशी तक्रार पुन्हा सुरू झाली आहे. येऊ दे. प्रार्थना करणाऱ्यांना मुलांचा आवाज ऐकू यायलाच हवा.